अकरा मिनिटं पुढे

टेम्पो यंदापासून आपल्या गाद्यांच्या धंद्याला न्यायचा, हे नानांनी चहा यायच्या आधीच जाहीर करून टाकलं. वाईट बातमी उपाशीपोटी सांगावी आणि चांगली भरल्या पोटी, असा त्यांचा नियम होता. पण जेवल्यावर ते लगेच झोपत, त्यामुळे त्यांच्या तोंडून चांगली बातमी ऐकल्याचं घरात कोणालाच आठवत नव्हतं.

"चार गाद्या आडव्या, नाहीतर नऊ उभ्या," ते म्हणाले. "सकाळीच मापं घेतली मी. किल्ली झोपली होती म्हणून उठवलं नाही."

"बाबा, मी पहाटे चारपासून टँकरवर होते," किल्ली म्हणाली.

"मग नव्हतीस," नानांनी दुरुस्ती मान्य केली. "तर नऊ उभ्या."

घराखालच्या लांबट कारखान्यात चार जण बसले होते. टेबलावर देशाचा नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर पितळी चाकं ठेवली होती. देश मोठा होता. त्याचा पूर्वेकडचा भाग टेबलावर मावत नव्हता, तो नानांच्या मांडीवर लोंबत होता. नकाशावर तेवीस लाल ठिपके होते. प्रत्येक ठिपक्यावर एक टॉवर आणि प्रत्येक टॉवरवर दादा-नानांच्या वडिलांनी बसवलेलं एक घड्याळ. देवळाशेजारी, मशिदीसमोर, चर्चला लागून, विहाराच्या कमानीवर, बाजारात, बंदरावर, आणि एक तुरुंगात, जिथं वेळ बघायला लोकांकडे सगळ्यात जास्त वेळ होता.

या तेवीस घड्याळांना वर्षातून एकदा तेल घालायचं, झिजलेलं चाक बदलायचं, काटे जुळवायचे आणि पुढच्या गावी जायचं, याला घरात 'फेरी' म्हणत. फेरीला तीन महिने लागत. गेली चौतीस वर्षं ती थोरले भाऊ दादा करत आले होते. यंदा त्यांचा उजवा गुडघा नवा बसवला. बाकीचे दादा जुनेच होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने विसरा. सगळ्यात बुटक्या टॉवरला चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या.

"म्हणजे फेरी बंद," नाना म्हणाले. "दादांनी खूप केलं. आता आराम. मी तर म्हणतो, एक गादी माझ्याकडून."

"फेरी मी करणार," आत्या म्हणाली.

ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. कपाळावर भिंग चढवलेलं होतं. ते ती लग्नकार्यातही उतरवत नसे, त्यामुळे घरच्या प्रत्येक फोटोत तिला तीन डोळे होते. दादांची ही धाकटी बहीण एकतीस वर्षं याच टेबलावर चाकांचे दात कापत होती. दादा फेरीहून झिजलेली चाकं आणत, आत्या नवी करून देत असे.

"टेम्पो कोण चालवणार?" नानांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, पण वाईट बातमी समोरच्याच्या तोंडून आलेली बरी.

"मी," किल्ली म्हणाली.

नानांची ही एकुलती एक लेक. लहानपणी तिनं सोळाव्या घड्याळाची किल्ली गिळली होती. किल्ली दोन दिवसांनी परत मिळाली, नाव राहिलं. "टँकरच्या मालकाकडून तीन महिने सुट्टी घेतलीये. अवजड वाहनाचं लायसन आहे. आणखी काय पाहिजे?"

"बापाची परवानगी."

"ती कुठं मिळते? अर्ज करते."

दादांनी हात वर केला. दादांनी हात वर केला की कारखान्यात शांतता होत असे. लंबकाची टकटक तेवढी राहत असे.

"अगं, हौस समजू शकतो मी," ते बहिणीला म्हणाले. "पण हे घरबसल्या दात कापणं नाही. तेवीस गावं म्हणजे तेवीस तऱ्हा. चार कोसांवर भाषा बदलते. एका ठिकाणी बूट काढून चढायचं, एका ठिकाणी डोकं झाकून, एका ठिकाणी तोंड बंद ठेवून. मला बारा भाषांत 'तेलाचा डबा वर पाठवा' म्हणता येतं. तुला येतं?"

"मी डबा स्वतः नेईन."

"आणि अर्ध्या ठिकाणी बाईमाणसाला वर सोडणार नाहीत."

"विचारलंय," किल्ली म्हणाली आणि तिनं खिशातून टँकरच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेली यादी काढली. "तेवीस फोन केले. सातव्या टॉवरचे मौलवी म्हणाले, बाईंना उंचीची भीती नसली म्हणजे झालं, आमच्या मागच्या इलेक्ट्रिशियनला होती, तो अजून वरच आहे असं वाटतं. नवव्याचे फादर म्हणाले, शिडीची तिसरी पायरी मोडलीये, चौथीवर पाय टाका. चौदाव्याचे पुजारी म्हणाले, या, पण घंटेखाली उभ्या राहू नका, माझा एक कान त्यातच गेला. हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण मी हो म्हटलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. एकोणिसाव्याच्या भंतेंचं मौन चालू आहे. त्यांनी फोन उचलला आणि काही बोलले नाहीत. मी त्याला होकार धरलाय."

"आणि नाही कोण म्हणालं?" नानांनी विचारलं.

"दोघं. अकरावा आणि बाविसावा."

"बघा!" नाना म्हणाले. "तिथं काय करणार?"

"दाराशी उभी राहीन," आत्या म्हणाली.

"किती वेळ?"

"एकतीस वर्षं उभीच आहे मी, नाना. माझा सराव आहे."

नानांनी नकाशाची पूर्व बाजू मांडीवरून जरा सारखी केली. दादांनी खाकरून घसा साफ केला. दादांची बायको, म्हणजे घरातल्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. ट्रेवरच्या कपांनी एकमेकांना हलकेच धक्के दिले.

"मला तेवीसच्या तेवीस घड्याळं ओळखीची आहेत," आत्या पुढे म्हणाली, "पण दातांवरून. कुठलं कुठं झिजतं, कुठल्याला खारं वारं लागतं, कुठल्यात कबुतराचं पीस अडकतं, सगळं मला इथं कळतं. चेहरा मात्र एकाचाही बघितलेला नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, दादा. दातांचा डॉक्टरसुद्धा कधीतरी पेशंटच्या तोंडाकडे बघत असेल."

इथं दादा विरघळले असते. त्यांचा चेहरा तसा झालाही होता. पण नानांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "आणि काही चुकलं तर? नाव दादांचं जाईल ना?" आणि नाव हा शब्द ऐकताच दादांची पाठ ताठ झाली.

"ते मात्र खरं आहे. चौतीस वर्षांत," त्यांनी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे बोट केलं, "एका सेकंदाची तक्रार नाही. निघताना प्रवासाच्या घड्याळाची ही पेटी या घड्याळाशी जुळवली, कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली, की अख्ख्या देशाची वेळ माझ्या छातीवर. चौतीस वर्षं! रेल्वेला तेवढं जमलं नाही. या देशातली एकूण एक गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटते. मी काढलेला निष्कर्ष आहे हा. सगळीकडे अकरा, कमी नाही, जास्त नाही."

ट्रेमधला एक कप आडवा झाला.

* * *

आत्याच्या एप्रनच्या खिशात गुरुवारपासून एक पत्र होतं. ते तिला वापरायचं नव्हतं. पत्र न वापरता जिंकता आलं असतं तर तिनं ते गुपचूप भट्टीत टाकलं असतं. तसं तिनं स्वतःला वचनही दिलं होतं. पण चावी दादांच्या छातीवर होती आणि टेम्पो नानांच्या मनात गाद्यांनी भरून गेला होता. तिनं पत्र काढलं आणि किल्लीपुढे सरकवलं.

"मोठ्यानं वाच."

किल्लीनं वाचलं.

"'सप्रेम नमस्कार. मी बटणांचा फिरता विक्रेता आहे. अठरा वर्षं देशभर फिरतो. तुमच्या तेवीसपैकी सतरा घड्याळांखाली मी बटणं विकली आहेत. सतराही घड्याळं अकरा मिनिटं पुढे आहेत. आधी मला माझ्या घड्याळाची शंका आली, म्हणून मी तीन घड्याळं बदलली. मग मी गावोगाव विचारलं. मिठागरवाल्या गावात म्हणाले, मालकानं मुद्दाम पुढे ठेवलंय, कामगार लवकर यावेत म्हणून. मशिदीसमोर म्हणाले, नमाजाला कोणी धावत येऊ नये म्हणून आमच्या जुन्या मौलवींनी केलेली सोय. चर्चवाल्यांनी सांगितलं, आमचे पहिले फादर झोपाळू होते. देवळाकडे म्हणाले, देवाची वेळ माणसाच्या पुढेच असणार. तुरुंगात म्हणाले, अकरा मिनिटांची सूट. प्रत्येक गावाला वाटतं, हे फक्त आपल्याच गावात आहे, आणि प्रत्येक गाव ते बाहेरच्यांपासून लपवतं. मी बाहेरचाच असल्यामुळे मला सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही असं का केलंत, हे कळलं तर मी शांतपणे निवृत्त होईन. आपला, बटणवाला.'"

दादा हसले. एकटेच.

"वेडा आहे. सतरा ठिकाणी घड्याळ पुढे कसं असेल? मी पेटीवरून लावतो. पेटी या घड्याळावरून लावतो. आणि हे घड्याळ..."

ते थांबले. खोलीत कोणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. नाना नकाशा बघत होते. किल्ली छत बघत होती. आत्यानं कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं होतं, आणि त्यातून बघण्यासारखं समोर काहीच नव्हतं.

"हे घड्याळ काय?" दादांनी विचारलं.

"अकरा मिनिटं पुढे आहे, काका," किल्ली म्हणाली. "म्हणजे, ते माहीतच आहे ना सगळ्यांना. मी शाळेत असल्यापासून वजा करते."

"मीही करतो," नाना म्हणाले. "मला वाटलं, दादा कामासाठी वेगळी वेळ वापरत असणार. घरची वेळ वेगळी, बाहेरची वेगळी."

"मलाही तेच वाटलं," आत्या म्हणाली. "गुरुवारपर्यंत."

घड्याळजींच्या घरात पाच माणसं. चौघं कित्येक वर्षं वजाबाकी करत होती आणि पाचवा त्या वेळेनं देश चालवत होता. यात कोणी खोटं बोललं नव्हतं. विषयच निघाला नव्हता.

"मोबाईलमधलं घड्याळ मागे असतं," दादा हळूच म्हणाले. "मी कंपनीला चार पत्रं लिहिलीत."

"ते बरोबर असतं, काका."

"रेल्वे?"

"ती पण."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले, हात कोरडेच होते तरी.

"मी केलं ते," त्या म्हणाल्या.

* * *

वहिनींनी हे वाक्य चौतीस वर्षांत मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडातून निघाल्यावर ते त्यांना जरा लहान वाटलं.

"लग्नानंतर बाराव्या दिवशी आपण गाडीनं निघालो होतो. आठवतंय? तुम्ही प्लॅटफॉर्मवर उतरलात, कोणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ दुरुस्त करायला. पाच मिनिटं म्हणालात. गाडी सुटली. मी आत. दोन पेट्या, एक वळकटी आणि मी. चार स्टेशनं एकटी गेले. पाचव्या स्टेशनावर उतरून बाकावर बसले. तुम्ही पुढच्या गाडीनं आलात आणि म्हणालात, तुझी गाडी लवकर सुटली."

"सुटली होती," दादा म्हणाले. सवयीनं.

"घरी आल्यावर मी स्टुलावर चढले आणि काटा पुढे केला. त्यानंतर तुमची एकही गाडी चुकली नाही."

"पण अकरा? दहा का नाही?"

"दहा केली असती तर तुम्हाला कळलं असतं. दहा मिनिटं सगळेच पुढे ठेवतात. अकरा कोण ठेवतं?"

दादांनी यावर विचार केला. माणूस म्हणून त्यांना राग आला होता, पण कारागीर म्हणून त्यांना काम पटलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर मावत नव्हत्या. घड्याळाची चाल ते रोज तपासत. दिवसाला पाव सेकंदाचा फरक नव्हता. चुकीची वेळ ते घड्याळ कमालीच्या अचूकपणे दाखवत होतं.

"ठरलं तर मग," नानांनी टाळी वाजवली. "हे बाहेर फुटायच्या आत दुकान बंद. बटणवाल्याला एक गादी पाठवू. तेवीस गावांनी एकमेकांना विचारलेलं नाही, विचारणारही नाहीत. झाकली मूठ..."

"नाना," दादा म्हणाले, "गप्प बस."

हे ते नानांना आजवर एकदाच म्हणाले होते, वडील गेले त्या दिवशी. नानांनी नकाशाची पूर्व बाजू परत मांडीवर घेतली.

"बाबांनी तेवीस घड्याळं बरोबर लावून माझ्या हातात दिली. मी तेवीसच्या तेवीस चुकवली. ती तशीच ठेवून मी गादीवर लोळू? फेरी होणार. मी जाणार. गुपचूप वेळ नीट करून येणार."

"तुम्ही चढणार कसे?" आत्यानं विचारलं.

"हळूहळू."

"तेवीस टॉवर, तीन हजारांवर पायऱ्या. गुडघा चौथ्या टॉवरला जाईल, तुम्ही पाचव्याला. चढणार मी. आणि गुपचूप नाही. आधी खाली उभी राहून सांगणार की तीन डझन वर्षं आमच्याकडून चूक झाली, मग वर जाऊन काटे लावणार."

"चौतीस."

"चौतीस सांगेन."

"लोक हसतील."

"हसू देत. मी वर पोचेपर्यंत त्यांचं हसून होईल."

दादांनी बहिणीकडे बघितलं. इतकी वर्षं ती या टेबलाशी वाकून बसलेली असे, त्यामुळे तिची उंची त्यांनी कधी नीट बघितली नव्हती. ती बरीच उंच निघाली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चढ तू. पण मी बरोबर येणार. खाली खुर्ची टाकून बसणार, आणि लोकांशी बोलणार मी."

"या. पण बोलणार मी. परवा सकाळी सहाला निघतोय. सहा म्हणजे सहा, दादा. कोणासाठी थांबणार नाही."

दादांनी गळ्यातली चावी काढली. साखळी कानात अडकली, मग भिंगाच्या दोरीत, म्हणजे त्यांच्याच भिंगाच्या, मग निघाली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. देशाच्या मधोमध.

"आधी घरचं घड्याळ नीट कर," ते उठता उठता म्हणाले. "मग देशाला शिकवायला जा."

आणि ते वर निघून गेले, एका वेळी एक पायरी, कठडा धरून. खाली चौघं मोजत होती. सतरा पायऱ्यांना चार मिनिटं लागली.

* * *

लंबकाच्या घड्याळाचे काटे मागे फिरवत नाहीत. आत दात तुटतात. घड्याळ पुढे असेल तर लंबक हातानं थांबवायचा आणि वेळ आपल्यापर्यंत यायची वाट बघायची. आत्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी काच उघडली, दोन बोटांनी लंबक धरला आणि सोडला. टकटक बंद पडली. कारखान्यात एवढी शांतता कधीच झाली नव्हती. बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते आज पहिल्यांदा ऐकू आलं.

वहिनी समोरच्या स्टुलावर बसल्या. चौतीस वर्षांपूर्वी ज्यावर चढल्या होत्या तेच स्टूल.

"अकरा मिनिटं काय करायचं, वन्सं?"

"बसायचं."

बसल्या.

"मी तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं आधीच," वहिनी थोड्या वेळानं म्हणाल्या. "तुम्ही दर वर्षी टेम्पोच्या मागे नाक्यापर्यंत जायचात. मला खिडकीतून दिसायचं. मी म्हणायचे, बोलू पुढच्या वर्षी."

"मीही तेच म्हणायचे."

"तेवीस ठिकाणी काय सांगणार तुम्ही? की आमच्या वहिनीनं केलं?"

"नाही. आमच्याकडून चूक झाली, एवढंच."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तुम्हाला सांगता येणार नाही नीट. तुम्ही तिथं नव्हतात. त्या बाकावर मी होते." त्या उठल्या. "टेम्पोत माझ्यासाठी जागा आहे का?"

"नऊ गाद्यांची आहे. उभ्या."

"मग मी बसून येईन."

आत्यानं मोबाईल घड्याळाशेजारी धरला. मिनिटाचा आकडा बदलला आणि तिनं लंबकाला एक बारीक टिचकी मारली. टकटक सुरू झाली. तिनं काच बंद केली, पेटी त्याच्याशी जुळवली, तिला कुलूप लावलं आणि चावी गळ्यात घातली. दादांना सांगावं असं दोघींच्याही मनात आलं. पण दादांनीच ते करायला सांगितलं होतं. स्वतः सांगितलेली गोष्ट माणसाला परत काय सांगायची?

* * *

निघायच्या दिवशी दादा खाली आले तेव्हा भिंतीवर सहाला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी मनातल्या मनात अकरा वजा केली. पाच सत्तेचाळीस. आयुष्यातली ही त्यांची पहिली वजाबाकी होती आणि ती जमल्याचा त्यांना जरा अभिमानच वाटला. म्हणजे तेरा मिनिटं होती. घर इतकी वर्षं या आरामात जगत होतं तर! त्यांनी गुडघ्याचा पट्टा नीट बांधला. चहाचा कप झाकून ठेवलेला होता, तो सावकाश प्यायले. बारा भाषांतली वही शोधली. दाढीचा एक केस राहिला होता, तो काढला. मग खुर्ची काखोटीला मारून बाहेर आले.

अंगणात टेम्पोच्या आकाराची कोरडी जागा होती. तिच्या कडेला नाना गादीची मापपट्टी हातात घेऊन उभे होते.

"गेल्या," नाना म्हणाले. "सहाला. मी म्हटलं, थांबा दोन मिनिटं. किल्ली म्हणाली, बाबा, बाजूला व्हा, नाहीतर उभ्या गादीसारखे पुढे बांधून नेईन. बापाला असं बोलतात?"

"पण अजून सहा कुठं..."

दादांनी वळून दारातून भिंतीकडे बघितलं. सहा वाजून नऊ. मग त्यांना आपलंच वाक्य आठवलं. आधी घरचं घड्याळ नीट कर. त्यांच्या हातातली खुर्ची हळूहळू खाली आली आणि ते अंगणात, टेम्पोच्या जागी, तिच्यावर बसले.

"आणि तुझी वहिनी कुठाय?"

नानांनी फक्त रस्त्याकडे बघितलं.

दादांनी फोन लावला. पलीकडे इंजिनाचा आवाज होता, किल्ली कोणाला तरी हॉर्न देत होती, आणि आत्या दुसऱ्या कोणाला तरी दिशा विचारत होती, खिडकीतून, अगदी मोठ्यानं, कोणतीही भाषा न येणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासानं.

"कुठं आहात?"

"पुलापुढे," वहिनी म्हणाल्या.

"थांबा तिथंच. मी रिक्षानं येतो."

वहिनींनी फोनवर हात न ठेवता मान वळवली. "वन्सं, थांबा म्हणतायत."

"सहा म्हणजे सहा," आत्याचा आवाज आला. तो कठोर नव्हता. त्यात वारा होता. "त्यांना सांगा, बारा वाजता पहिल्या टॉवरखाली माणसं जमणार आहेत. मी काट्याला त्याच्या आधी हात लावणार नाही. यायचं तर या. खुर्ची आणा."

"ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या. "सातची बस आहे. आणि बारा म्हणजे तिथल्या टॉवरचे बारा हं. ते अजून पुढे आहे. अकरा मिनिटं लवकर पोचा."

"तू मला सोडून गेलीस," दादा म्हणाले.

पलीकडे किल्लीनं परत हॉर्न दिला.

"मी बाकावर बसून वाट बघेन," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत आहे कशी बघायची."

नाना म्हणाले, स्टँडपर्यंत सोडू का, स्कूटर आहे. दादा नको म्हणाले. एका हातात खुर्ची, एका हातात वही, असे ते निघाले. दुकानं उघडत होती. एक जण शटर वर ढकलत होता, एक जण दारापुढे पाणी मारत होता. दादा तीनदा थांबले, तीनही वेळा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले, आणि तिसऱ्या वेळी एका बाईनं त्यांना काय विकायचंय ते विचारलं.

स्टँडवर पोचल्यावर त्यांनी सवयीनं मनगटाकडे बघितलं. मनगटावर काही नव्हतं, कारण मनगटी घड्याळांवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. मोबाईलचं बटण दाबलं, तर तो बंद पडला होता. रात्री चार्जिंगला लावायचं काम वहिनींचं होतं. पेटी गेली होती. चावी गेली होती. बसच्या पायरीवर कंडक्टर तिकिटांचा गठ्ठा मोजत उभा होता.

दादांनी खुर्ची टेकवली. घसा साफ केला. सहासष्ट वर्षांत त्यांनी हे वाक्य कोणाला म्हटलं नव्हतं, आणि बारा भाषांच्या वहीतही ते नव्हतं.

"किती वाजले हो?"

कंडक्टरनं त्यांच्याकडे, मग खुर्चीकडे, मग मनगटाकडे बघितलं.

"सहा एकोणपन्नास. अकरा मिनिटं आहेत, आजोबा. बसा निवांत."

दादा बसले नाहीत. ते लगेच बसमध्ये चढले.